आप्तवाक्य की अटकळ? : नव्या प्रोसेसरच्या आगमनतिथीविषयीच्या भाकितांची चिकित्सा

संगणकाचा नवा प्रोसेसर बाजारात केव्हा येणार, या एका प्रश्नाभोवती गेल्या चार दशकांत विपुल लेखन झाले आहे. उत्पादक कंपन्यांची निवेदने, भागधारकांसमोरील भाषणे, बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचे अहवाल, तांत्रिक नियतकालिकांतील वार्ता आणि जाणकार हौशी मंडळींच्या अटकळी असे त्याचे अनेक प्रकार आहेत. हे लेखन अल्पायुषी असते. प्रोसेसर आला की त्याच्याविषयीचे भाकीत कोणी पुन्हा वाचत नाही; आला नाही तर पुढच्या वर्षाचे भाकीत आधीच्या भाकिताची जागा घेते. त्यामुळे या लेखनाचे मूल्यमापन झालेच तर एकाच कसोटीवर होते : तारीख बरोबर आली की चुकली? ही कसोटी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. भाकीत कोणत्या आधारावर केले गेले, आणि ते खरे मानून कोणी काय सोडून दिले, हे दोन प्रश्न तारखेपेक्षा अधिक महत्त्वाचे आहेत. त्यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी फार महाग पडलेले दिसते.

आधाराचा विचार करताना न्यायदर्शनातील प्रमाणचर्चा कामी येते. नैयायिकांनी अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मेघ दाटून आलेले पाहून पाऊस पडेल असे म्हणणे, म्हणजे कारणावरून कार्याकडे जाणे, हे पूर्ववत् अनुमान. नदीला आलेला पूर पाहून वर कोठे तरी पाऊस झाला असावा असे म्हणणे, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणे, हे शेषवत्. वारंवार आढळलेल्या सामान्य नियमाच्या बळावर न दिसणाऱ्या गोष्टीविषयी केलेले अनुमान ते सामान्यतोदृष्ट. (या संज्ञांच्या अर्थांविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत, येथे रूढ अर्थ घेतला आहे.) अनुमानाहून निराळे प्रमाण म्हणजे शब्द, अर्थात आप्ताचे वचन. आप्त कोण? जो विषय यथार्थ जाणतो आणि जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. प्रोसेसरच्या तारखांविषयीची बहुतेक भाकिते या चौकटीत ठेवून पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांना आपण अफवा म्हणून हिणवतो त्यांपैकी काही चांगली अनुमाने असतात. आणि ज्याला अधिकृत माहिती म्हणतो ती आप्तत्वाच्या पहिल्या अटीत उत्तीर्ण होऊनही दुसऱ्या अटीत अडखळते.

पूर्ववत् अनुमानाला येथे भरपूर वाव आहे, कारण प्रोसेसर अचानक जन्माला येत नाही. आराखडा पूर्ण होऊन कारखान्याकडे सुपूर्द झाला, की त्या टप्प्याला 'टेप-आउट' म्हणतात. त्यानंतर मास्क तयार होतात, सिलिकॉनच्या चकत्यांवर शेकडो प्रक्रिया होतात, आणि पहिली चिप हाती येईपर्यंत साधारणपणे काही महिने जातात. ही पहिली चिप विकण्यासाठी नसते. तिच्यातील दोष शोधायचे असतात. दोष सापडले की आराखडा दुरुस्त करून पुन्हा तीच फेरी. अशा प्रत्येक आवृत्तीला 'स्टेपिंग' म्हणतात आणि तिला ए-०, बी-०, बी-१ अशी नावे देतात. ही रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला 'पुन्हा एक स्टेपिंग लागणार' एवढी बातमी पुरेशी असते; तारीख किती महिने पुढे जाईल याचा हिशेब तो स्वतः करू शकतो. एएमडी कंपनीने आपला 'बार्सिलोना' हा चार गाभ्यांचा प्रोसेसर सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर केला. त्याच्या बी-२ आवृत्तीत स्मृतीच्या पत्त्यांचे भाषांतर साठवणाऱ्या भागात दोष निघाला. दुरुस्त झालेली बी-३ आवृत्ती २००८ च्या मार्च-एप्रिलच्या सुमारास बाजारात आली. जाहीर तारीख आणि खरी उपलब्धता यांत अर्ध्या वर्षाचे अंतर पडले, आणि ते अंतर एका स्टेपिंगच्या फेरीला लागणाऱ्या काळाशी जुळणारे होते.

शेषवत् अनुमान याहून सोपे, म्हणून अधिक लोकप्रिय. जुन्या प्रोसेसरच्या किमती एकाएकी उतरू लागल्या, दुकानांतील साठा संपत आला आणि नव्याने भरला जात नाही असे दिसले, की वर कोठे तरी पाऊस झाला आहे असे समजावे. दोष एवढाच, की किमती उतरण्याची कारणे अनेक असतात. स्पर्धकाने भाव पाडला तरी पूर येतो.

आता आप्तवाक्याकडे वळू. कंपन्यांच्या निवेदनांची भाषा बारकाईने वाचण्याजोगी आहे. 'वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत' या शब्दप्रयोगाचा सर्वसामान्य वाचक जुलै असा अर्थ घेतो. लिहिणाऱ्याच्या मनात एकतीस डिसेंबर असतो. 'जाहीर केला', 'नमुने पाठवले', 'रवाना केला' आणि 'उपलब्ध झाला' ही चार क्रियापदे चार निरनिराळ्या घटना सांगतात. वृत्तपत्रांत मात्र ती समानार्थी म्हणून छापली जातात. सन २००० मधील वेगाच्या शर्यतीत याचे एक विलक्षण उदाहरण घडले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये एएमडी आणि इंटेल यांनी दोन दिवसांच्या अंतराने एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जाहीर केला. पुढे जुलैच्या अखेरीस इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ आणला आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीच तो परत घेतला. तो विश्वासार्हपणे चालत नाही, हे थॉमस पाब्स्ट या जर्मन समीक्षकाने आणि त्याच्यासारख्या इतर स्वतंत्र परीक्षकांनी दाखवून दिले होते. तारीख अचूक पाळली गेली होती. वस्तू तयार नव्हती. केवळ तारखेच्या कसोटीवर हे निवेदन शंभर टक्के खरे ठरते, आणि तेथेच त्या कसोटीची मर्यादा उघडी पडते.

तारीख आधी सांगण्यात कंपनीचाही धोका असतो, हे मान्य केले पाहिजे. अ‍ॅडम ऑस्बर्न यांच्या कंपनीने १९८३ मध्ये आपल्या पुढच्या संगणकाविषयी वेळेआधी बोलून दाखवले, ग्राहकांनी चालू संगणकाची खरेदी थांबवली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली, असे सांगतात. त्या अपयशाला इतरही कारणे होती. पण 'ऑस्बर्न परिणाम' ही संज्ञा व्यापारविद्येत रूढ झाली ती झालीच. (या ऑस्बर्न यांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवण्णामलई येथे, रमण महर्षींच्या सान्निध्यात राहणाऱ्या कुटुंबात गेले, आणि २००३ मध्ये त्यांचे निधन झाले तेही कोडाईकनाल येथे.) तेव्हा कंपनी तारखेविषयी बोलते त्यावेळी ती बोलण्याचे आणि न बोलण्याचे नफे-तोटे तोलून बोलते. तिला विषय यथार्थ माहीत असतो. पण जसा माहीत तसा सांगण्याची इच्छा ही तिची एकमेव इच्छा नसते. प्रतिस्पर्ध्याच्या ग्राहकाला थांबवून धरणे हाही एक हेतू असू शकतो.

सामान्यतोदृष्ट अनुमानाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मूर यांचा नियम. गॉर्डन मूर यांनी एप्रिल १९६५ मध्ये लिहिलेल्या लेखात एका चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत असल्याचे नोंदवले आणि १९७५ पर्यंत ती ६५,००० होईल असे म्हटले. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच हा काळ दोन वर्षांचा केला. निरीक्षणातून आलेले हे अनुमान पुढे वेळापत्रक बनले. १९९० च्या दशकात अमेरिकेतील अर्धवाहक उद्योगाने एकत्र येऊन येत्या पंधरा वर्षांचा तांत्रिक आराखडा तयार करण्याची पद्धत सुरू केली. दशकाच्या अखेरीस तो आंतरराष्ट्रीय झाला आणि २०१६ पर्यंत चालला. अशा आराखड्यावाचून हा उद्योग चालणे कठीण होते, हे कोणीही समंजस टीकाकार नाकारणार नाही. छायांकनाची यंत्रे करणारा, रसायने पुरवणारा, मदरबोर्ड बनवणारा आणि कार्यप्रणाली लिहिणारा, या सर्वांना एकाच तारखेवर बेतून काम करावे लागते. भाकीत सर्वांनी मानले म्हणून खरे झाले, अशी ही दुर्मीळ आणि उपकारक गोष्ट होती. परंतु तिच्यामुळे एक सवय लागली. नियमाच्या नावाने उच्चारलेली कोणतीही तारीख नियमाइतकीच भक्कम आहे, असे मानले जाऊ लागले. या सवयीची सर्वांत मोठी किंमत 'इटेनियम'च्या प्रकरणात मोजली गेली.

हे प्रकरण विस्ताराने पाहणे अगत्याचे आहे. ह्यूलेट-पॅकार्ड आणि इंटेल यांनी जून १९९४ मध्ये एका नव्या ६४-बिट रचनेवर संयुक्त काम जाहीर केले. कल्पना आकर्षक होती. कोणत्या आज्ञा एकाच वेळी पार पाडता येतील हे ठरवण्याचे काम तोपर्यंत प्रोसेसरमधील गुंतागुंतीच्या मंडलांकडे होते. ते आता संकलकाने, म्हणजे कंपायलरने, आज्ञावली सिद्ध करतानाच करून ठेवायचे होते. 'मर्सेड' या सांकेतिक नावाचा पहिला प्रोसेसर १९९८ च्या आसपास अपेक्षित होता. मग १९९९ म्हटले गेले. मे १९९८ मध्ये इंटेलने ती तारीख २००० च्या मध्यावर नेली. प्रत्यक्षात तो २००१ च्या मध्याला आला, आणि आला तेव्हा निराशा करणारा निघाला; जुन्या एक्स८६ आज्ञावल्या तर त्यावर फारच संथ चालत. ज्या संकलकावर सारी भिस्त होती, त्याला आज्ञावली चालताना स्मृतीतून कोणती माहिती किती वेळाने येईल हे आधी कळणे शक्य नव्हते. अडचण मुळातली होती. ती आठवडे वा महिने उशीर करून सुटणारी नव्हती.

मधल्या काळात भाकितांचे पीक जोमात होते. आयडीसी या बाजारसंशोधन संस्थेने १९९७ मध्ये वर्तवलेला अंदाज असा, की या रचनेच्या यंत्रांची विक्री २००१ पर्यंत वर्षाला ३८ अब्ज डॉलरवर जाईल. पहिल्या प्रोसेसरवर आधारलेली यंत्रे विकली गेली ती केवळ काही हजार. पुढल्या प्रत्येक वर्षी नवा आलेख निघे. तोही तसाच वर झेपावणारा, फक्त आरंभबिंदू उजवीकडे सरकलेला आणि शिखर खाली उतरलेले. हे आलेख एकमेकांवर ठेवून काढलेले चित्र या क्षेत्रात विनोद म्हणून प्रसिद्ध आहे. मला त्यात विनोदापेक्षा तर्कदोष अधिक दिसतो. प्रत्येक नवा अंदाज जुन्या अंदाजाची संख्या दुरुस्त करीत होता. त्याच्या आधाराची फेरतपासणी करीत नव्हता. आधार एकच होता, आणि तो म्हणजे कंपनीचा शब्द.

पण आलेख चुकले हा या कथेचा गौण भाग आहे. या भाकितांवर विश्वास ठेवून इतरांनी काय केले ते पाहावे. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने १९९८ मध्ये, म्हणजे मर्सेड अस्तित्वातही नसताना, आपल्या यंत्रांसाठी त्याची निवड केली. 'मिप्स' मालिकेतील उच्च क्षमतेचे पुढील प्रोसेसर रद्द केले आणि मिप्स हा विभाग वेगळा काढला. कॉम्पॅक कंपनीकडे डिजिटल इक्विपमेंटकडून आलेला 'अल्फा' प्रोसेसर होता. १९९० च्या दशकातील सर्वाधिक वेगवान प्रोसेसरांत त्याची गणना होई. मर्सेडचे औपचारिक आगमन होऊन जेमतेम महिना झाला असताना, जून २००१ मध्ये, कॉम्पॅकने अल्फाचा विकास थांबवून इटेनियमकडे जाण्याचे जाहीर केले. एकाच गाभ्यात चार धागे समांतर चालवण्याची योजना असलेला अल्फाचा पुढचा अवतार कागदावरच राहिला आणि अभियंते इंटेलकडे गेले. ह्यूलेट-पॅकार्डने स्वतःच्या पीए-रिस्क मालिकेचा शेवटचा प्रोसेसर २००५ मध्ये आणला. अशा रीतीने, जी चिप आली नव्हती वा जेमतेम आली होती, तिच्या भवितव्याच्या भरवशावर जिवंत आणि उत्तम चालणाऱ्या रचना मोडीत निघाल्या.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. अल्फा आणि मिप्स यांचे दिवस तसेही भरले होते. कारखान्यांचा खर्च पिढीगणिक वाढत चालला होता आणि लहान प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरांना तो पेलवणारा नव्हता. भाकीत हे निमित्तमात्र. या म्हणण्यात तथ्य आहे. डिजिटलने स्वतःचा कारखाना इंटेलला विकण्याचा निर्णय १९९७ मध्येच घेतला होता. तरीही हे स्पष्टीकरण संपूर्ण नाही. त्याच परिस्थितीत आयबीएमने आपली पॉवर मालिका बंद केली नाही. २००१ मध्ये एकाच चिपवर दोन गाभे असलेला पॉवर-४ तिने आणला, आणि ती मालिका पुढे दोन दशकांहून अधिक काळ चालत राहिली. खर्चाचे ओझे सर्वांवर होते; भाकितावर श्रद्धा सर्वांची नव्हती. शिवाय एएमडीने १९९९ मध्ये निराळीच वाट जाहीर केली होती : जुन्याच एक्स८६ रचनेचा ६४ बिटांपर्यंत विस्तार. तिचा ऑप्टेरॉन एप्रिल २००३ मध्ये आला आणि २००४ मध्ये खुद्द इंटेललाही तो विस्तार स्वीकारावा लागला. इटेनियमची शेवटची खेप २०२१ च्या जुलैअखेरीस रवाना झाली. जानेवारी २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातूनही त्याचा आधार काढून टाकण्यात आला.

भाकितावर श्रद्धा ठेवणारा दरवेळी परकाच असतो असे नाही. २००७ पासून इंटेलने एक वर्ष सूक्ष्म निर्मितीप्रक्रिया आणि दुसऱ्या वर्षी नवी रचना असा 'टिक-टॉक' क्रम पाळला, आणि काही वर्षे तो घड्याळासारखा चालला. नंतर १४ नॅनोमीटरला उशीर झाला, आणि १० नॅनोमीटरवर घड्याळ थांबले. जुलै २०१५ मध्ये १० नॅनोमीटर २०१७ च्या उत्तरार्धावर गेले. एप्रिल २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणावरील उत्पादन २०१९ वर गेले. कारणे तांत्रिक होती. घनता एकाच उडीत सुमारे २.७ पट करायची होती, आणि तीही अतिजंबुपार किरणांच्या नव्या छायांकनाशिवाय. त्यामुळे काही थरांसाठी रेषाविभाजनाच्या अनेक फेऱ्या कराव्या लागत आणि दोषांचे प्रमाण वाढे. हे सारे समजण्यासारखे आहे. चिकित्सकाने थांबावे ते वेगळ्या जागी. नव्या रचना या न आलेल्या प्रक्रियेशी जखडलेल्या होत्या. परिणामी २०१५ च्या 'स्कायलेक'चाच गाभा थोड्याफार फरकाने २०२० पर्यंत मेजावरील संगणकांत विकला गेला, आणि १० नॅनोमीटरसाठी योजलेली रचना अखेर मार्च २०२१ मध्ये १४ नॅनोमीटरवर उतरवावी लागली. ते २०१६ मध्येही करता आले असते का, याचे उत्तर अवघड आहे. पण तारीख दरवेळी एकच वर्ष दूर आहे असे वाटत राहिल्यावर तो प्रश्न कोणी गांभीर्याने विचारणार नाही, हे उघड आहे. आपल्याच आप्तवाक्यावर विश्वास ठेवण्याचा हा प्रकार.

याच्या उलट वर्तनाचे एक उदाहरण पुण्यात मिळते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. तो इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्युटरवर उभा होता. इन्मॉसने त्याच सुमारास पुढच्या पिढीचा टी-९००० जाहीर केला होता. तो रखडला, ठरलेला वेग त्याने कधीच गाठला नाही, आणि शेवटी तो कुळासह अस्तंगत झाला. ज्या कुळावर पहिले यंत्र बेतले होते त्याचा वारस असा अडखळत असताना, १९९४ मध्ये दाखवण्यात आलेल्या 'परम ९०००' ची रचना सुट्या घटकांची ठेवण्यात आली, जेणेकरून जो नवा प्रोसेसर हाती येईल तो त्यात बसवता यावा. त्याचे सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि अल्फा अशा तिन्ही प्रोसेसरांवरील प्रकार झाले. महासंगणक बनवणाऱ्या, पण प्रोसेसर स्वतः न बनवणाऱ्या संस्थेला आगमनतिथीच्या भाकितांकडे दुर्लक्ष करता येत नाही. तिने केले ते एवढेच, की कोणत्याही एका भाकितावर आपले यंत्र टांगून ठेवले नाही. १९९८ चा 'परम १००००' अल्ट्रास्पार्कवर चालला. जून २००३ च्या टॉप-५०० यादीत आलेल्या 'परम पद्म' मध्ये आयबीएमचे पॉवर-४ होते, म्हणजे त्या काळातील न मोडलेल्या मालिकांपैकी एकीचे. अल्फा-प्रकाराला मात्र पुढची पिढी लाभणार नव्हती. तिचा निर्णय दोन वर्षांपूर्वीच ह्यूस्टनमध्ये, कॉम्पॅकच्या मुख्यालयात, होऊन चुकला होता.